कॅमेरा असूनही मागे का ठोकते?

मानेवाडा भागातील एका गृहस्थांनी विचारले आहे: "अकरा वर्षे छोटी हॅचबॅक चालवली. तिला ना कॅमेरा होता ना सेन्सर, तरी मागे घेताना ती कधी कुठे लागली नाही. मागच्या दिवाळीत कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली, तिला दोन्ही आहे. सहा महिन्यांत फाटकाचा लोखंडी पाइप बम्परला लागला, एकदा मागचे डावे चाक नालीत गेले आणि गेल्या आठवड्यात शेजारचा तीन वर्षांचा मुलगा गाडीमागे आला आहे हे केवळ त्याच्या आजीने ओरडल्यामुळे कळले. मी स्क्रीन पाहिली तेव्हा तिथे कोणीही नव्हते. दोष माझा की गाडीचा? आणि चारही बाजूंचे कॅमेरे बसवून घेऊ का?"

मी पंचवीस वर्षांपासून नागपुरात मोटार चालवायला शिकवतो आणि त्याआधी सहा वर्षे एका गॅरेजात डेंटिंगचे काम केले, त्यामुळे मागे घेताना ठोकलेल्या गाड्या मी दोन्ही बाजूंनी पाहिल्या आहेत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की गाडीमागचा न दिसणारा भाग वाढला, पण मागे घेण्याचा तुमचा वेग अकरा वर्षांपूर्वीचाच राहिला. शिवाय कॅमेरा आहे म्हणून मान वळवणे कमी झाले असणार. ते बहुतेकांचे होते, माझेही झाले होते.

न दिसणारा भाग किती वाढला, याचा हिशेब शाळेतल्या समरूप त्रिकोणांनी करता येतो. समजा, तुमच्या नव्या गाडीत बसल्यावर तुमचा डोळा जमिनीपासून १४० सेंटिमीटरवर आहे, मागच्या काचेची खालची कड ११० सेंटिमीटरवर आहे आणि डोळ्यापासून त्या काचेपर्यंतचे अंतर अडीच मीटर आहे. म्हणजे अडीच मीटरमध्ये नजर फक्त ३० सेंटिमीटर खाली उतरते. याच उताराने ती जमिनीला टेकते ती काचेच्या मागे तब्बल नऊ मीटरवर. त्या नऊ मीटरच्या आतली जमीन काचेतून दिसतच नाही. ९० सेंटिमीटर उंचीचे मूल उभे असेल तर त्याचे डोके काचेपासून दीड मीटरच्या पुढे गेल्यावरच नजरेच्या रेषेत येते. तेच मूल चेंडू उचलायला उकिडवे बसले आणि त्याची उंची ५० सेंटिमीटर झाली, तर पाच मीटरपर्यंत ते तुमच्यासाठी नसल्यासारखेच. जुन्या छोट्या गाडीत डोळा ११५, काचेची कड ९० आणि मधले अंतर १९० सेंटिमीटर धरले, तर जमीन सात मीटरच्या आतच दिसू लागते. यात मागच्या सीटवरील हेडरेस्ट, मध्ये बसलेली व्यक्ती आणि डिकीत काठोकाठ भरलेले सामान धरलेले नाही.

नव्या गाड्यांच्या मागच्या काचा लहान झाल्या त्यामागे केवळ फॅशन आहे असे नव्हे. गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून मागचे खांब जाड करावे लागतात आणि पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगला छताच्या कडेला जागा द्यावी लागते. दारे उंच झाली आणि हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून छत मागे उतरते केले गेले. नागपूरचेच खासदार असलेले केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २२ ऑगस्ट २०२३ रोजी टक्कर-चाचणी घेऊन गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारे 'भारत एनकॅप' जाहीर केले, तेव्हापासून ग्राहक गाडीचे तारे मोजून विचारू लागला, आणि ते चांगलेच झाले. मात्र हे तारे प्रामुख्याने टक्कर झाल्यावर आत बसलेली मोठी माणसे व मुले कितपत सुरक्षित राहतात यासाठी असतात. मागच्या काचेतून काय दिसते, याचा तारा त्यात नाही. शोरूममध्ये गाडी पाहताना ड्रायव्हरच्या सीटवर बसून मागे वळून पाहणारा ग्राहक मला क्वचितच भेटला आहे. बहुतेक जण सनरूफ उघडून पाहतात.

माझा हिशेब तुमच्या गाडीला तंतोतंत लागू होईलच असे नाही, म्हणून एका रविवारी सकाळी तो स्वतः करून पाहा. गाडी सपाट जागी उभी करा, नेहमीच्या सीटवर नेहमीसारखे बसा आणि घरातल्या कोणाला तरी प्लॅस्टिकचे स्टूल घेऊन मागच्या बम्परपासून हळूहळू मागे जायला सांगा. स्टुलाचा माथा मधल्या आरशात जिथे प्रथम दिसेल तिथे खडूने रेघ मारा. मग हेच दोन्ही बाहेरच्या आरशांसाठी आणि शेवटी स्क्रीनसाठी करा. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे पहिल्याच आठवड्यात करायला लावतो, कारण जमिनीवरची ती रेघ एकदा पाहिलेल्या माणसाच्या मनातून ती सहसा पुसली जात नाही.

आता तुमचा फाटकाचा पाइप. १ जुलै २०१९ पासून भारतात तयार होणाऱ्या प्रत्येक प्रवासी कारमध्ये मागे घेताना इशारा देणारी यंत्रणा सक्तीची आहे, म्हणूनच सर्वांत स्वस्त मॉडेलच्या बम्परातही आज रुपयाच्या नाण्याएवढे गोल सेन्सर दिसतात. कुठे चार, कुठे दोनच. हा सेन्सर आपल्याला ऐकू न येणारा, साधारण ४० किलोहर्ट्झच्या पुढचा ध्वनी सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. एक मीटरवरच्या भिंतीवरून प्रतिध्वनी सहा मिलिसेकंदांच्या आत परत येतो. भिंत सपाट असते, ध्वनी सरळ परत येतो आणि सेन्सर वेळेवर बोलतो. पाइप मात्र बारीक आणि गोल असतो. त्यावर आदळलेला बराचसा ध्वनी इकडेतिकडे फेकला जातो आणि परत येतो तो फारच थोडा, त्यातही पाइप दोन सेन्सरांच्या मधल्या फटीत असला तर आणखी कमी. जाळीचे फाटक, ताणलेली तार, पोत्यांचा ढीग, तिरकस ठेवलेली फळी, हे सगळे सेन्सरच्या दृष्टीने अर्धवट अदृश्य पदार्थ आहेत. सेन्सर साधारण अर्धा मीटर उंचीवर बसवलेले असल्यामुळे त्यांच्या खालचा बुटका दगड आणि वरचा पुढे आलेला छज्जा या दोन्ही गोष्टी निसटतात. गाडी अगदी जवळ गेल्यावर बुटकी वस्तू ध्वनीच्या झोताखाली जाते आणि आधी वाजत असलेला बीप बंदही पडतो. चालकाला वाटते, अडथळा गेला.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो, की नागपूरच्या उन्हाळ्याचा सेन्सरवर परिणाम होतो का. डिसेंबरात १० अंशांवर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३३७ मीटर असतो, मे महिन्यात ४६ अंशांवर तो ३५९ च्या आसपास जातो. म्हणजे एक मीटरमागे सहा सेंटिमीटरचा फरक, आणि चांगल्या यंत्रणा तापमान पाहून तोही भरून काढतात. त्यामुळे उन्हाची चिंता सोडा. बम्परला ठोक लागल्यावर रंगवून घेतला असेल तर मात्र जरूर तपासा: सेन्सरच्या तोंडावर रंगाचा जाड थर बसला किंवा तो जरासा जमिनीकडे वाकला, तर तो एकतर मुका होतो किंवा रस्त्यालाच अडथळा समजून सतत ओरडतो. सतत ओरडणारा सेन्सर लोक बटण दाबून बंद करतात आणि पुन्हा सुरू करायला विसरतात. पावसाळ्यात सेन्सरवर चिखल वाळला की हेच होते. ओल्या फडक्याने पुसणे, इतकाच त्यावरचा इलाज. मागच्या बम्परला लावलेले लोखंडी गार्डही सेन्सरच्या आड येते. असे गार्ड लावू नयेत म्हणून केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले होते, ते वेगळ्या कारणांसाठी, पण ते काढून टाकायला हे आणखी एक कारण.

सेन्सर उत्तम असला तरी मुख्य अडचण वेगाची आहे. बहुतेक सेन्सर दीड मीटरच्या आसपास बोलू लागतात. ताशी पाच किलोमीटर हा वेग आपल्याला काहीच वाटत नाही, पण त्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १.४ मीटर जाते. बीप ऐकणे, तो कशाचा आहे हे उमगणे आणि पाय ब्रेकवर जाणे याला सावध माणसालाही एक ते दीड सेकंद लागतो, म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच दीड ते दोन मीटर संपले. सेन्सरने इशारा दिला, तुम्ही ब्रेकही दाबला आणि तरीही गाडी लागली, याचा अर्थ हा आहे. तोच वेग ताशी दोन किलोमीटरवर आणला की दीड सेकंदात गाडी ८० ते ८५ सेंटिमीटरच सरकते आणि हातात अर्धा मीटरहून जास्त शिल्लक राहतो. गिअरची गाडी असेल तर अर्ध्या क्लचवर, ॲक्सिलरेटरला पाय न लावता. ऑटोमॅटिक असेल तर केवळ ब्रेक सैल करत करत. चढावर ॲक्सिलरेटर द्यावाच लागला तर उजव्या पायाची टाच जागेवरून उचलू नका, कारण अंग मागे वळवलेले असताना पाय नकळत सरकतो आणि ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला जातो. भिंत पाडून आत गेलेल्या ज्या गाड्या गॅरेजात आल्या, त्यांतल्या बऱ्याचशांची कथा हीच होती.

नालीचे प्रकरण वेगळे आहे. सेन्सर उभी वस्तू शोधतो. खड्डा म्हणजे वस्तूचा अभाव, त्यावरून प्रतिध्वनी येणार कुठून? कॅमेऱ्यात नाली दिसते, पण फक्त बम्परच्या मागे असेपर्यंत. मागची चाके बम्परच्या पुढे पाऊण मीटरच्या आसपास असतात आणि नालीची कड बम्परखाली गेली की ती स्क्रीनवरून नाहीशी होते. म्हणजे चाक नालीत पडते ते नेमके कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या पाऊण मीटरमध्ये. तिथे उपयोगी पडतो तो डावा आरसा, तोही खाली झुकवलेला, ज्यात मागचे चाक आणि त्याच्या शेजारची जमीन दिसेल. काही गाड्यांत रिव्हर्स टाकताच तो आपोआप झुकतो. तुमच्या गाडीत तसे नसेल तर बटणाने झुकवा, त्याला तीन सेकंद लागतात. महाल, इतवारीच्या जुन्या गल्ल्यांत, जिथे एका बाजूला ओटा आणि दुसऱ्या बाजूला उघडी नाली असते, तिथे मी स्क्रीनकडे जवळपास पाहतच नाही.

स्क्रीनवरच्या हिरव्या, पिवळ्या आणि लाल रेघांबद्दलही एक गोष्ट माहीत असायला हवी. त्या रेघा गाडीमागची जमीन गाडीखालच्या जमिनीइतकीच सपाट आहे असे गृहीत धरून काढलेल्या असतात. मागे चढ असेल तर तिथली वस्तू चित्रात वर सरकते आणि प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा लांब वाटते. उतार असेल तर उलट, जवळ वाटते. अपार्टमेंटच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमधून रस्त्याच्या रॅम्पवर उलटे चढताना पहिला प्रकार घडतो, आणि तोच धोक्याचा. दुसरे असे की रेघा जमिनीवरचे अंतर दाखवतात, हवेतले नव्हे. मागे ट्रक उभा असेल तर त्याचे चाक पिवळ्या रेघेपलीकडे दिसते, पण त्याचा फाळका चाकाच्या मीटरभर पुढे तुमच्या डिकीच्या काचेसमोर आलेला असतो. हिंगणा एमआयडीसीच्या रस्त्यांवर ट्रॉलीतून बाहेर आलेल्या सळयांनी मागच्या काचा फुटलेल्या मी पाहिल्या आहेत. स्क्रीनवर सगळे हिरवे होते. आणि गाडी वळवत मागे घेताना तिचे पुढचे टोक बाहेरच्या बाजूला झुकते, त्याची रेघ मागच्या कॅमेऱ्यात नसतेच.

आता त्या मुलाविषयी, कारण तुमच्या पत्रातला खरा भीतीचा भाग तोच आहे. अमेरिकेत २००२ साली एका वडिलांच्या गाडीखाली, घराच्याच अंगणात, दोन वर्षांचा मुलगा गेला. त्या घटनेतून सुरू झालेल्या पाठपुराव्याने २००७ चा कायदा झाला आणि अखेर १ मे २०१८ पासून तिथे तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या हलक्या वाहनाला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना मागचे दाखवणारी किंवा ओळखणारी यंत्रणा लागते. अमेरिकी वाहतूक सुरक्षा खात्याने हा नियम करताना मांडलेला अंदाज असा होता की हलकी वाहने मागे घेताना वर्षाला सुमारे २१० मृत्यू होतात, त्यांत ३१ टक्के पाच वर्षांखालची मुले आणि २६ टक्के सत्तरीपुढची माणसे. म्हणजे ज्यांना धोका लवकर कळत नाही आणि ज्यांना चटकन बाजूला होता येत नाही, तेच.

त्या नियमातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. रिव्हर्स टाकल्यापासून दोन सेकंदांच्या आत चित्र दिसले पाहिजे, अशी त्यात अट आहे. म्हणजे दोन सेकंदांपर्यंतचा अंधार कायद्यालाही मान्य आहे. ताशी पाच किलोमीटरने त्या दोन सेकंदांत गाडी पावणेतीन मीटर जाते. आपल्याकडे गिअर पडला की क्लच सुटतो आणि चित्र नंतर येते. तुम्ही स्क्रीन पाहिली तेव्हा कोणी नव्हते, हे मी पूर्ण खरे मानतो. मूल त्यानंतर आले. तीन वर्षांचे मूल दुडूदुडू धावत सेकंदाला दीड-दोन मीटर सहज जाते आणि बाजूने येऊन कॅमेऱ्याच्या चौकटीत शिरायला त्याला एकच सेकंद पुरतो. म्हणून स्क्रीन एकदा पाहून मग आरशात रमायचे नाही. उजवा आरसा, मागची काच, डावा आरसा, स्क्रीन, अशी नजर फिरती ठेवायची आणि यांतले काही क्षणभरही दिसेनासे झाले तर गाडी थांबवायची. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड असलेल्या कॅमेऱ्यात सूर्य शिरतो, स्क्रीन पांढरी होते. तेव्हा अंदाजाने पुढे जाण्याची गरज नसते, उतरून पाहता येते.

उतरून पाहणे, किंबहुना बसण्यापूर्वीच गाडीला मागून वळसा घालून चालकाच्या दाराशी येणे, ही सवय कोणत्याही यंत्रापेक्षा मला अधिक मोलाची वाटते. मे महिन्यात गाडीखालच्या सावलीत कुत्री झोपलेली असतात, तीही यातच कळतात. पण वळसा घालून मग सीटबेल्ट, फोन, गाणे, एसी असे करत दोन मिनिटे घालवली तर त्या वळशाचा उपयोग संपला. ही कामे आधी उरका. इलेक्ट्रिक गाडी असेल तर अधिकच, कारण इंजिनाचा आवाज ऐकून बाजूला होणारी मुले आणि म्हातारी माणसे तिथे फसतात. घरासमोर मुले खेळत असतील तर निघण्यापूर्वी ती सगळी एका मोठ्या माणसाजवळ उभी दिसली पाहिजेत, असा माझ्या घरचा नियम आहे आणि माझ्या नातवंडांना त्याचा कंटाळा येतो.

मागे उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणाऱ्या मंडळींविषयी थोडे कटू लिहितो. चौकीदार, दुकानदार किंवा वाटेने जाणारा हितचिंतक बरोबर त्या नऊ मीटरच्या अंधारात उभा राहतो, डिकीवर थाप मारतो आणि "बस" म्हणतो ते गाडी लागल्यावर. मदत घ्यायचीच तर त्या माणसाला चालकाच्या बाजूला, आरशात कमरेपर्यंत दिसेल असे तिरके उभे करा आणि आधीच ठरवा, की हात वर म्हणजे थांबा. तो आरशातून दिसेनासा झाला की तुम्हीही थांबायचे. १९८९ च्या रस्ता नियमांतही चालकाने कोणाला धोका वा अकारण त्रास होणार नाही याची स्वतः खात्री करूनच वाहन मागे घ्यावे असे म्हटले होते. 'स्वतः' या शब्दात चौकीदार बसत नाही.

तुमच्यासारख्यांना मी आणखी एक बदल सुचवतो: घरी आल्यावर गाडी उलटी आत घाला आणि सकाळी सरळ बाहेर काढा. आत घालताना तुम्ही नुकतेच त्या जागेसमोरून आलेले असता, जागा रिकामी आहे हे पाहिलेले असते आणि मागे भिंत असते, रस्ता नव्हे. सकाळी शाळेच्या रिक्षा, दूधवाले आणि सायकली असलेल्या रस्त्यावर मात्र तुम्ही काचेतून समोर पाहत बाहेर येता. पहिले आठ-दहा दिवस जास्त वेळ लागतो आणि मागचा गाडीवाला हॉर्न वाजवतो, तो वाजवू द्या. यामुळे बम्परचे काम कमी होते, हे गॅरेजवाला म्हणून सांगतो.

उन्हासाठी मागच्या काचेला लावलेली काळी जाळी मागे घेताना काढा. काचेवर फिल्म असेल तर तीही तपासा: केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के व बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. दंडाचे सोडा, रात्री रिव्हर्सच्या दोन लहान दिव्यांच्या उजेडात गडद काचेतून काहीही दिसत नाही.

आता चार कॅमेऱ्यांचा प्रश्न. वरून पाहिल्यासारखे दिसणारे ते चित्र कोणी वरून घेतलेले नसते. चार रुंद भिंगांची चित्रे ताणून, कापून, जोडून ते तयार होते. जिथे दोन चित्रांचा सांधा येतो, बहुधा बम्परच्या कोपऱ्यांशी, तिथे बुटकी वस्तू पुसट होते किंवा अर्धी कापली जाते. तरीही नालीसाठी आणि अरुंद फाटकासाठी ही यंत्रणा खरोखर उपयोगी आहे, कारण तिचे बाजूचे कॅमेरे चाकाशेजारची जमीन दाखवतात. कंपनीने बसवूनच दिली असेल तर उत्तम. बाहेरून बसवणार असाल तर बसवणाऱ्याने जमिनीवर खुणांची चादर पसरून चारही चित्रांची जुळवणी तुमच्यासमोर करून दाखवावी, आणि पहिल्या पावसानंतर भिंगात वाफ धरली तर कॅमेरा बदलून देण्याचे बिलावर लिहून द्यावे. दोन गाड्यांच्या मधून मागे निघताना आडव्या येणाऱ्या वाहनाचा इशारा देणारे रडार काही महागड्या मॉडेलांत असते; ते नंतर बसवण्याच्या फंदात पडू नका. मी तुमच्या जागी असतो तर आधी महिनाभर डावा आरसा झुकवून आणि ताशी दोन किलोमीटरने गाडी आत-बाहेर केली असती, फाटकाच्या पाइपला चालकाच्या नजरेच्या उंचीपर्यंत पिवळी-काळी पट्टी मारली असती आणि फाटकासमोरच्या नालीवर चाकाच्या रुंदीपेक्षा हातभर जास्त अशी फरशी टाकून घेतली असती. त्यानंतरही डावी बाजू अंदाजानेच घ्यावी लागत असेल, तर कॅमेरे जरूर बसवा.